फिशमीलशिवायचं पंगसचं खाद्य : लातूरकडच्या फीडमिलचा रिव्ह्यू

शेततळ्यात पंगस (बिनखवल्याचा, मिशावाला कॅटफिश जातीचा मासा) टाकणारे लई जण फोन करून विचारायलेत की तुम्ही ते डाळीचं खाद्य वापरायलात ते खरंच चालतं का, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. लातूर एमआयडीसीच्या बाजूला एक छोटी फीडमिल आहे, मूळ धंदा त्यांचा कोंबडीखाद्याचा, पण मधे एक्स्ट्रूडर (गरमी आणि दाबानं दाणा फुलवणारं मशीन) बसवला आणि ऑर्डर दिली की माशाचा तरंगता दाणाही काढून देतात, आणि त्यात फिशमील, म्हणजे वाळवून दळलेल्या माशाची पावडर, अजिबात नाही. सोयाबीनची डीओसी (तेल काढलेली पेंड), तुरीची चुनी (डाळमिलचा चुरा), शेंगदाणा पेंड, तेल काढलेला भाताचा कोंडा, मका आणि वरून लागतं ते मिनरल-व्हिटॅमिन, एवढंच. पोत्यावर ब्रँड नाही, साधं पांढरं शिवलेलं पोतं आणि मार्करनं लिहिलेलं २८/४, म्हणजे प्रोटीन २८ टक्के आणि फॅट ४ टक्के. मी पंगसची एक पूर्ण बॅच बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) मोठी झाल्यापासून विक्रीपर्यंत याच दाण्यावर काढली आणि आता दुसरी चालू आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. वाढत्या पंगसला फिशमील लागत नाही. पण फिशमील काढून त्याच्या जागी काय टाकलं आणि ते किती शिजवलं यावर सगळं अवलंबून आहे, आणि ही मिल ते काम मन लावून करते म्हणून पाचपैकी चार. एक मार्क का कापला ते पुढं येतंय.

आधी फिशमीलचं बोलू, कारण आपल्याकडं दुकानदार पहिलं वाक्य हेच टाकतो की "याच्यात फिशमील आहे बरं का" आणि आपण पैसे मोजतो. फिशमील चांगलंच असतं त्यात वाद नाही, अस्सल मालात ६० ते ७० टक्के प्रोटीन, लायसिन-मेथिओनिन ही गरजेची अमिनो ॲसिडं (प्रोटीनचे घटक) भरपूर, फॉस्फरस पचणारा, वर माशाला आवडणारा वास. पण अस्सल माल मराठवाड्यापर्यंत येतो किती? जगातलं लई फिशमील पेरू देशाच्या किनाऱ्यावरच्या अँचोव्ही नावाच्या छोट्या माशापासून बनतं, तिकडं एल निनो आला, म्हणजे समुद्राचं पाणी तापलं, की मासा खोल जातो नाहीतर पांगतो, २०२३ ला तर त्यांनी पहिला हंगामच रद्द केला होता, आणि तसं झालं की भाव सगळ्या जगात चढतात. आपल्या देशातलं बरंच फिशमील पश्चिम किनाऱ्याच्या तारलीवर चालतं, आणि तारली कधी येते कधी गायब होते हे कोकणातल्या माणसाला विचारा. एक किलो फिशमीलला साधारण चार-पाच किलो ओला मासा जातो. एवढं महाग झाल्यावर भेसळ होणारच. वाळू असते, मीठ असतं, पिसांची पावडर असते, आणि सगळ्यात वाईट म्हणजे युरिया, कारण लॅबमध्ये प्रोटीन मोजतात म्हणजे नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ नं गुणतात, युरिया टाकला की नायट्रोजन वाढतो आणि कागदावर प्रोटीन दिसतं, माशाच्या पोटात मात्र काही नाही. सुकटीची कुट्टी म्हणून जे सुट्टं मिळतं ते एक मूठ काचेच्या ग्लासात पाण्यात टाकून हलवा आणि खाली किती वाळू बसते ते बघा, ते बघितल्यावर महागड्या फिशमीलवरचा विश्वास बराच कमी होतो.

आता डाळवर्गीय मालाचं. सोयाबीनची डीओसी म्हणजे तेल काढल्यावर उरलेली पेंड, ४४ ते ४८ टक्के प्रोटीन, आणि ती आपल्या दारातच बनते, लातूरला सॉल्व्हंट प्लांट आहेत, परभणी-हिंगोली-नांदेडचा सोयाबीन तिथं जातो. तुरीचं तर सांगायलाच नको, लातूरच्या डाळमिल देशभर माहीत आहेत. डाळ काढताना जो चुरा, डोळा, पावडर निघते ती चुनी, त्यात सतरा ते वीस टक्क्यांपर्यंत प्रोटीन असतं. ही चुनी आजवर म्हशीच्या गव्हाणीत जायची. ती माशाला घालायला हरकत नाही, पण कच्ची नाही, आणि इथंच निम्मे लोक फसतात.

कुठल्याही डाळीच्या दाण्यात ट्रिप्सिन इनहिबिटर नावाची वस्तू असते. प्रोटीन पचवणारा पोटातला जो रस असतो त्यालाच ती धरून ठेवते. म्हणजे खाद्यात प्रोटीन २८ टक्के लिहिलंय, मासा खातोय पण, तरी अंगाला लागत नाही. आपण कच्ची डाळ खात नाही, वरण शिजवूनच खातो, तसंच हे. सोयाबीनमध्ये हे सगळ्यात जास्त, तुरीत त्यापेक्षा कमी, पण असतंच. उष्णतेनं हे मरतं. आता सॉल्व्हंट प्लांटमध्ये डीओसी टोस्टरमधून निघते म्हणून ती शिजलेली असते, पण घाईगडबडीचा माल अर्धकच्चा असू शकतो, आणि उलट जास्त भाजला तर लायसिन जळतं, रंग तपकिरी होतो, तेही वाया. मधलं गाठावं लागतं. चुनी तर डाळमिलमधून येते तिथं तिला कोणी शिजवत नाही, पाणी-तेल लावून वाळवतात एवढंच.

मी पहिल्यांदा माल घ्यायला गेलो तेव्हा मिलमालकांना सरळ विचारलं, "काका, डीओसी कच्ची आली तर तुम्हाला कळणार कसं?" त्यांनी काही न बोलता पोऱ्याला हाक मारली, त्यानं एका बशीत डीओसी पसरली आणि वर पिवळसर केशरी पाणी शिंपडलं. हे युरिया आणि फिनॉल रेड घातलेलं पाणी. पेंड कच्ची असली तर तिच्यातला युरिएज नावाचा एन्झाइम युरियाला फोडतो आणि कणांवर लाल ठिपके उठतात. काका म्हणाले, "सगळं लाल झालं तर गाडी परत. एकही ठिपका नाही आला तरी मी घेत नाही, जळालेली असते. इकडं-तिकडं थोडे ठिपके पाहिजेत." त्यादिवशीच्या गाडीला थोडेच ठिपके आले. एवढी साधी टेस्ट, खर्च नसल्यासारखा, आणि मी आजवर जेवढ्या खाद्यविक्रेत्यांकडं गेलो त्यातल्या एकानंही कधी दाखवली नव्हती. मला ही मिल आवडायचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

चुनीला ते वेगळं भाजतात, फुटाण्याच्या भट्टीसारखा फिरता ड्रम आहे त्यांच्याकडं, आणि मग सगळं बारीक दळून, वाफ देऊन एक्स्ट्रूडरमधून काढतात, तिथं परत शंभर डिग्रीच्या वर गरमी आणि दाब मिळतो. तिथंच मक्याचा स्टार्च फुलतो म्हणून दाणा तरंगतो. चुनी किती घालावी याबद्दल काका एकदम पक्के आहेत, शंभर किलोत दहा-बारा किलोच्या वर नाही, कारण चुनीबरोबर टरफल येतं, टरफलात तंतू आणि टॅनिन, कॅटफिशला तंतू पचत नाही, नुसतं पोट भरतं आणि पाण्यात घाण वाढते. मी स्वस्तात पडावं म्हणून वीस किलो घाला म्हटलं होतं तर सरळ नाही म्हणाले. गिऱ्हाईक सांगतंय तरी नाही म्हणणारा माणूस मला भरवशाचा वाटतो.

ढोबळ हिशोब मला त्यांनी वहीत लिहून दाखवला, तो इथं द्यायला त्यांची हरकत नाही. शंभर किलोत डीओसी ३८ च्या आसपास, शेंगदाणा पेंड दहा, चुनी दहा, कोंडा वीस, मका अठरा, बाकी तेल, मिनरल, व्हिटॅमिन वगैरे. डीओसीतून साडेसतरा टक्के प्रोटीन येतं, पेंडीतून चार, कोंड्यातून तीन, चुनी आणि मक्यातून पावणेदोन-पावणेदोन, झाले अठ्ठावीस. शेंगदाणा पेंडीत मात्र बुरशीचा धोका असतो, अफ्लाटॉक्सिन, म्हणून पावसाळ्यात मिलवाले ही पेंड कमी करून डीओसी वाढवतात आणि भाव थोडा चढतो. सरकीची ढेप बिलकुल घालत नाहीत. आपल्याकडं सरकी ढेप स्वस्त आणि गल्लोगल्ली मिळते म्हणून लई जण माशाला टाकतात, पण तिच्यात गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं, ते माशाला बाधतं आणि लायसिनलाही बांधून ठेवतं. म्हशीचं वेगळं, तिचं पोट वेगळं.

आता थोडं किचकट पण ज्याला स्वतः खाद्य बनवायचंय त्यानं हे सोडू नये. डाळवर्गीय प्रोटीन फिशमीलसारखं भरलेलं नसतं. सोयाबीनमध्ये मेथिओनिन कमी पडतं, शेंगदाण्यात लायसिन कमी पडतं. अमेरिकेच्या चॅनल कॅटफिशवरचा जो हिशोब सगळीकडं धरतात त्यात लायसिन प्रोटीनच्या पाच टक्क्यांच्या आसपास लागतं आणि मेथिओनिन-सिस्टीन मिळून सव्वादोन टक्क्यांच्या जरा वर. २८ टक्के प्रोटीनच्या दाण्यात म्हणजे लायसिन साधारण १.४ टक्के, मेथिओनिन-सिस्टीन ०.६५ टक्के. डीओसी भरपूर असेल तर बऱ्यापैकी जवळ जातं पण शेंगदाणा पेंडीचं प्रमाण वाढलं की लायसिन घसरतं, म्हणून मिलवाले दोन्ही अमिनो ॲसिड पावडर स्वरूपात थोडी थोडी टाकतात. कोंबडीखाद्याचा धंदा असल्यानं हे त्यांच्याकडं कायम असतंच, हा एक मोठा फायदा. नुसतं प्रोटीनचा आकडा बघून पेंडी एकत्र कालवणारे आणि हे यांच्यात फरक इथंच पडतो.

दुसरी गोष्ट फॉस्फरस. दाण्यातला साठ-सत्तर टक्के फॉस्फरस फायटेट म्हणून अडकलेला असतो, माशाच्या पोटात तो सोडवायचं एन्झाइम नाही, त्यामुळं माशाला मिळत नाही आणि सगळा शेणावाटे पाण्यात जातो. फिशमील काढलं आणि वरून डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट, फॉस्फरसची पावडर) नाही घातलं तर हाडं कमजोर, वाढ खुंटते. आणि पाण्यात गेलेला फॉस्फरस शेवाळ वाढवतो, पाणी गर्द हिरवं होतं, मग पहाटे ऑक्सिजन पडतो. पंगस वर येऊन हवा घेतो म्हणून तो तग धरतो, पण त्याच्यासोबत रोहू-कटला असतील तर ते पहाटे तोंड वर काढून उभे राहतात. ही मिल डीसीपी घालते आणि त्यावर अडकलेला फॉस्फरस सोडवणारं फायटेज एन्झाइमही वापरते, पण दाणा गरम असताना घातलं तर फायटेज मरतं, म्हणून दाणा थंड झाल्यावर तेलात मिसळून वरून फवारतात. आधी वेगळं खाद्य होतं तेव्हा माझ्या तळ्याचं पाणी मार्च-एप्रिलमध्ये रंगाच्या डब्यासारखं हिरवं व्हायचं, आता हिरवं असतं पण हात कोपरापर्यंत बुडवला तर बोटं दिसतात. आपल्याकडं पाणी बदलायची चैन नाही. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं हे आपण कोणीच विसरलेलो नाही, तळ्यात एकदा भरलेलं पाणी पुढच्या पावसापर्यंत पुरवायचं असतं, म्हणून पाणी कमी खराब करणारं खाद्य ही इथं पहिली गरज आहे, भाव नंतर.

खाण्याचं काय, हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. कॅटफिशच्या मिशांवर आणि सगळ्या अंगावर चव कळणाऱ्या पेशी असतात, तोंडात घ्यायच्या आधीच त्याला चव कळते. त्यामुळं फिशमीलच्या वासावर वाढलेल्या माशाला एकदम हा दाणा दिला तर तो जवळ येतो, हुंगतो आणि मागं फिरतो. माझ्याकडं तसंच झालं सुरुवातीला, पण मिलवाल्यांनी आधीच सांगितलं होतं की जुना आणि नवा मिसळून द्या आणि हळूहळू जुना कमी करा, तसं केल्यावर आठवड्याभरात सरळ झालं. आता सकाळी बादली वाजली की पाणी उकळल्यागत होतं. एक गोष्ट स्वच्छ सांगतो, दाण्यावर ते थोडं फिश ऑइल फवारतात, टक्काभर, वासासाठी. म्हणजे फिशमीलशिवाय हे खरं, पण समुद्राशिवाय असं कोणी म्हणत असेल तर ते खरं नाही.

वाढीचं म्हणाल तर माझा एफसीआर दीड ते पावणेदोनच्या मधे बसला, म्हणजे एक किलो मासा वाढायला तेवढे किलो खाद्य. आधीच्या फिशमीलवाल्या ब्रँडेड खाद्यावर जवळपास एवढाच होता. मासा उतरला एक किलोच्या आसपास. मांस पांढरं राहिलं, हे मला महत्त्वाचं वाटतं कारण नांदेडचा व्यापारी पिवळं मांस दिसलं की लगेच भाव पाडतो. पिवळेपणा पिवळ्या मक्यातल्या रंगद्रव्यामुळंही येतो, म्हणून मका वाढवून खाद्य स्वस्त करू नका असं मी मिलवाल्यांना पहिल्यापासून सांगून ठेवलंय. थंडीत मात्र कुठलंच खाद्य चालत नाही हे ध्यानात ठेवा, परभणीत डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा एक आकडी होतो, पंगस मूळचा मेकाँग नदीचा, गरम पाण्याचा, पाणी गार झालं की तो खाणंच सोडतो, तेव्हा खाद्याला शिव्या देऊन उपयोग नाही, दुपारी थोडं द्यायचं नाहीतर बंद ठेवायचं.

हे सगळं काही लातूरच्या एका मिलनं शोधून काढलेलं नाही. अमेरिकेत मिसिसिपीकडं चॅनल कॅटफिशच्या मोठ्या माशाचं खाद्य कित्येक वर्षांपासून सोयाबीन पेंडीवरच चालतं, फिशमील त्यात नावाला नाहीतर नाहीच. आफ्रिकेत नायजेरिया हा कॅटफिशचा मोठा देश, तिकडं फिशमील बाहेरून आणावं लागतं आणि ते परवडत नाही म्हणून तिथल्या संशोधकांनी तूर, अबई, बांबारा शेंग, चवळी अशा कितीतरी दाण्यांचं पीठ करून कॅटफिशला घालून बघितलं. त्यातून परत परत एकच गोष्ट दिसते, दाणा कच्चा घातला तर वाढ मार खाते, उकडून, भाजून, भिजवून, आंबवून घातला तर फिशमीलचा काही भाग आरामात बदलता येतो, आणि एका मर्यादेच्या पुढं गेलं की परत वाढ उतरते. तिथला मासा आफ्रिकन मागूर, जास्त मांसाहारी, म्हणून त्यांची मर्यादा आपल्या पंगसपेक्षा खाली येते. आपला पंगस सगळं खाणारा मासा आहे, त्याला मोठेपणी २५ ते २८ टक्के प्रोटीन पुरतं, म्हणून आपल्याला पूर्ण फिशमील काढणं जमतं. दुसऱ्याचे आकडे आपल्या माशाला जसेच्या तसे लावू नका एवढंच सांगणं.

त्यावरूनच, हे खाद्य कोणी घेऊ नये तेही सांगतो. पंगसची बोटुकली लहान असताना याच्यावर टाकू नका, त्या वयात ३२ टक्क्यांच्या वर आणि सहज पचणारं प्रोटीन लागतं, तिथं फिशमील असलेलं चांगलं स्टार्टरच घ्या, ते लागतंच किती, एकूण खाद्याच्या मानानं लई थोडं. देशी मागूर पाळणाऱ्यांनीही हे २८/४ घेऊ नये, त्याला ३५-४० टक्के प्रोटीन लागतं. आणि थाई मागूरचं तर नावच काढू नका, म्हणजे तोच आफ्रिकन मागूर, त्याच्या पालनावर देशात २००० सालापासून बंदी आहे, तळीच्या तळी बुजवून नष्ट केलेली आहेत, तरी अजून कोणी कोणी लपून पाळतं आणि चिकनच्या दुकानातली आतडी टाकून वाढवतं, त्या वासानं आणि त्या बातम्यांनी सगळ्या बिनखवल्याच्या माशाचं नाव खराब झालंय. आमच्या बाजारात पंगस बघितला की बाया विचारतात "हा ते घाण खाणारा तर नाही ना". आता मी पोतं उघडून दाणा हातावर देतो आणि सांगतो की ताई, सोयाबीन, तूर, शेंगदाणा, मका, हुंगून बघा. हुंगतात आणि घेतात. पंगससाठी मत्स्य विभागाकडं नोंदणी करून ठेवा हेही जाता जाता सांगतो, नियम आहे तो.

घरातली एक गोष्ट. आमची आई माळकरी. शेतात मासे पाळायला तिनं विरोध केला नाही पण फिशमीलवालं खाद्य ओसरीत ठेवलं की घरभर वास, कुत्री-मांजरं-घुशी पोती फोडायच्या, ती बिचारी काही बोलायची नाही पण तिकडं जेवायला बसायची नाही. या दाण्याचा वास भरड्यासारखा आहे. पोती आता आत ठेवता येतात, आणि तिची ताटली परत ओसरीत येते. मला याचं मोल पैशापेक्षा जास्त आहे.

पैशाचं बघायचं तर ब्रँडेड २८ टक्क्याच्या तरंगत्या खाद्यापेक्षा किलोमागं पाच-सात रुपये कमी पडतात, गाडीभाडं धरून. ३० बाय ३० बाय ३ मीटरच्या तळ्याला, त्यात पंगस थोडा दाट असला तर हा फरक मोठा होतो, कारण एकूण खर्चात निम्म्याहून जास्त खाद्यच असतं. पण सोयाबीन म्हणजे कायम स्वस्त असं समजू नका. २०२१ च्या जुलै-ऑगस्टमध्ये लातूरला सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेला, डीओसी इतकी भडकली की केंद्रानं बाहेरून १२ लाख टन जीएम (जनुक बदललेल्या सोयाबीनची) सोयापेंड आणायला परवानगी दिली. आणि नंतर उलटं, २०२४ ला हमीभाव ४,८९२ असताना बाजारात त्याच्या खाली विकावा लागला. मी मासेही पाळतो आणि सोयाबीनही पेरतो त्यामुळं एका खिशातून जातं ते दुसऱ्या खिशात येतं असं होईल वाटायचं, तसं होत नाही, कारण सोयाबीन आपण काढणीलाच विकून बसतो. तरीपण आपल्याच जिल्ह्यातल्या सोयाबीनची पेंड आणि आपल्याच डाळमिलची चुनी आपल्या तळ्यात जावी आणि मासा नांदेड-संभाजीनगरच्या बाजारात जावा, यात मला मनापासून समाधान आहे. पेरूचा मासा जहाजानं आणून, त्यात कोणीतरी वाळू मिसळून, तो मराठवाड्यातल्या माशाला घालायचा हे मला कधी पटलंच नाही.

आता तक्रारी, एक मार्क कापला त्या. दाणा प्रत्येक वेळी सारखा निघत नाही. कधी शंभर दाण्यांतले जवळपास सगळे तरंगतात, कधी पाव भाग बुडतो, आणि बुडालेला दाणा पंगस खाली जाऊन खातो खरा पण किती खाल्ला ते आपल्याला दिसत नाही, मग जास्त पडतं. पोत्याच्या तळाला चुरा निघतो, एका वेळच्या मालात तर एवढा निघाला की मी चाळून बाजूला काढला आणि रोहूला टाकला. फोन केला तर त्यांनी पुढच्या बिलात वळते करून दिले, हे चांगलं. बनवल्याची तारीख पोत्यावर नसते, ही मला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट आहे, पावसाळ्यात तारीख लागतेच लागते, ओल धरली की बुरशी येते. मी आता स्वतःच माल घेताना मार्करनं तारीख टाकून घेतो. लॅबचा रिपोर्ट मागितला तर देतात पण तो त्याच मालाचा नसतो, जुना असतो. ज्याला खात्री पाहिजे त्यानं स्वतः नमुना तपासून घ्यावा, उदगीरला मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे, तिथल्या लोकांना विचारलं तर कुठं आणि काय तपासायचं ते सांगतील, मी प्रोटीन, ओलावा आणि तंतू एवढं बघा म्हणेन. एक टनाच्या खाली दाणा काढून देत नाहीत, कारण कोंबडीखाद्यावरून मशीन वळवायला वेळ जातो, त्यामुळं छोट्या तळ्याच्या माणसानं दोघा-तिघांत मिळून ऑर्डर द्यावी. ॲडव्हान्स रोख. गाडी आपली आपण न्यायची, छोटा हत्ती पुरतो. आणि सोयाबीनच्या हंगामात काका फोन उचलत नाहीत, सरळ जाऊन बसावं लागतं.

घेताना काय बघायचं तेवढं सांगतो. एक मूठ दाणा बादलीत टाका, चहा प्यायला जा, येऊन बघा, तरंगतोय का आणि फुटून पाणी गढूळ तर नाही केलं. दाणा दातानं फोडा, आतून सगळीकडं सारखा रंग पाहिजे, मधे कच्चा पांढरट पिठाचा गोळा दिसला तर शिजलेला नाही. जास्त गडद तपकिरी असेल तर जळालाय. हुंगा, भाजलेल्या डाळीसारखा वास आला पाहिजे, खवट किंवा ओल्या पोत्याचा आला तर सोडून द्या. डीओसीची लाल ठिपक्याची टेस्ट समोर करून मागा, ते कधी नाही म्हणत नाहीत. साठवताना पोती फळीवर ठेवा, भिंतीला लावू नका, आणि दीड-दोन महिन्यांत संपेल एवढाच माल घ्या. दिवाळीनंतर थंडीत मासा खात नाही म्हणून तेव्हा ऑर्डर देऊ नका, फेब्रुवारी लागला की पाणी तापायला लागतं, तेव्हाची ऑर्डर जानेवारीच्या शेवटालाच सांगून ठेवा, कारण उन्हाळ्यात कोंबडीवाल्यांचीही गर्दी असते आणि माशाचा नंबर मागं पडतो. पुढच्या ऑर्डरला मी तुरीच्या चुनीऐवजी निम्मी हरभऱ्याची चुनी घालून मागितलीय, काका हो म्हणालेत, भाव तोच ठेवलाय.